मागची गाडी

एका राज्यात नवरीची वरात शिवेपार जात नसे. बाकी सारे जात. व्यापारी जात, बैरागी जात, फौजा जात आणि मार खाऊन परतही येत. पण नवरी बसलेलं वाहन शिवेच्या दगडापाशी आलं, की चाकांना मुळं फुटत, मुळं जमिनीत शिरत, आणि घटकाभरात रथाचं झाड होई. नवरीच्या अंगावर पिसं उगवत, तिची साळुंकी होई आणि भुर्रकन त्याच झाडावर जाऊन बसे. वऱ्हाडी हळहळत, बांधून आणलेले लाडू खात आणि घरी जात. चार पिढ्या हे असंच चाललं होतं. शिवेवर सतरा झाडं होती नि सतरा साळुंक्या. त्यांना रोज दाणे टाकायला दरबारानं एक माणूस नेमला होता.

त्या राज्याच्या वाहनांचा कारभारी सुभानजी. हत्ती, घोडे, रथ, मेणे सगळे त्याच्या ताब्यात. लग्न कुणाचंही असो, कोण कशात बसणार ते सुभानजी ठरवी. सतरावी साळुंकी त्याचीच मुलगी होती, गोजरा. बारा वर्षांपूर्वी त्यानं स्वतः सजवलेल्या रथातून ती निघाली आणि शिवेवर पक्षी झाली. बाकीच्या साळुंक्या झाडावरच राहत, ही मात्र रोज जेवणवेळी घरी येई आणि बापाच्या ताटातला भात खाई. बोलेही. "बाबा, आज मीठ जास्त पडलंय," म्हणे. सुभानजी मान हलवी. घास मात्र त्याच्या घशाखाली उतरत नसे.

अशात राजकन्या हेमकळेचं लग्न ठरलं. मुहूर्त गोरजाचा, मांडव शेजारच्या राज्यात. राजानं सुभानजीला बोलावलं.

"वाहन निवड. शिवेवर थांबणार नाही असं."

"असं वाहन या राज्यात नाही, महाराज."

"मग राज्याबाहेर शोध. माझ्या मुलीला पंख फुटले, तर तुझी मान धडावर राहणार नाही."

सुभानजी निघाला. गोजरा त्याच्या पागोट्यावर बसली.

पहिल्यांदा तो गेला उत्तरेच्या रानात. तिथं एक पांढरा हत्ती होता. तो कशालाच थांबत नसे. नदी आली तर नदी बाजूला होई. हत्ती म्हणाला, "माझी पाठ सात दिवस घास, मग बोलू." सुभानजीनं सात दिवस विटेच्या तुकड्यानं पाठ घासली. हाताला फोड आले. आठव्या दिवशी हत्ती म्हणाला, "यादी वाच."

सुभानजीनं यादी वाचली. नवरी, तिची आई, दोन करवल्या, मामा, मामी आणि राजाच्या आत्यासाहेब. अंबारी सात जणांची, माणसंही सात.

"आठ," हत्ती म्हणाला.

"सात, गजराज. मी दोनदा मोजलीत."

"माझ्या पाठीला आठवं वजन हवंय. ते नाही, तर मी येईन, पण शिवेवर थांबेन."

"आठवं कोण?"

"पाठीला वजन कळतं, नावं कळत नाहीत."

आता आठ माणसं बसतील असं वाहन शोधणं आलं. दक्षिणेच्या डोंगरावर एक जादूगार होता आणि त्याच्याकडे ढगांतून चालणारी नाव होती. जादूगाराच्या दाढीत मधमाश्यांनी पोळं केलं होतं. तो म्हणाला, "एकही माशी न मारता दाढी विंचर." सुभानजीनं ती विंचरली. तोंड पुरणपोळीसारखं सुजलं, पण माशी एकही मेली नाही. नाव आठ जणांची होती. पण तेवढ्यात राजवाड्यातून निरोप आला, की आत्यासाहेबांची पानाचा डबा धरणारी बाईही सोबत बसेल, ती नसेल तर आत्यासाहेब येणार नाहीत. लग्नघरात असं व्हायचंच. एक जागा वाढली, की ती भरायला मानाचं माणूस तयारच असतं. सुभानजीनं नाव लिहून घेतलं.

जादूगारानं यादी पाहिली आणि म्हणाला, "नऊ."

"अहो, आत्ताच सात होते, आता आठ केले!"

"तू दहाची नाव आणलीस तरी मी अकरा म्हणेन. तुझ्या यादीत नेहमी एकच माणूस कमी असतं. ते रस्त्याच्या कडेला बसून वाट पाहतंय. नाव ने, पण ती शिवेवर उतरेल."

परतताना सुभानजी एका बांधावर मटकन बसला. लग्न दुसऱ्या दिवसावर आलं होतं. "गोजरा," तो म्हणाला, "तुझ्या लग्नात मी कुणाला विसरलो का गं?"

साळुंकी पागोट्यावरून उतरून त्याच्या गुडघ्यावर आली. "शिवेच्या दगडापाशी एक म्हातारी उभी होती. काखेत गाठोडं होतं. तिनं हात केला होता."

"मग?"

"तुम्ही रथातून वाकलात आणि म्हणालात, आजी, मागून गाडी येतेय, तिच्यात बसा."

सुभानजीचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्याचाच रथ सगळ्यांत शेवटचा होता. मागं फक्त धूळ होती. वरात काढणारा माणूस दिवसातून दहा वेळा हेच बोलतो, बोलतो आणि विसरतो. तोही विसरला होता.

"बारा वर्षं बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला आठवत असेल. आणि नसेल आठवत, तर सांगून तुमचं जेवण कशाला तोडायचं?"

सुभानजीनं पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले आणि उठला. आता त्याला काय करायचं ते कळलं होतं.

लग्नाच्या दिवशी त्यानं हत्तीवर नवरी नि मानाची माणसं बसवली. पानाचा डबा, तो धरणारी बाई, रुखवत आणि वाजंत्री असं सगळं नावेत चढवलं. आणि सगळ्यांच्या मागं एक बैलगाडी जोडली. साधीच गाडी, वर छप्पर, आत स्वच्छ गादी. ती त्यानं स्वतः हाकायला घेतली. गोजरा जुवावर बसली. गाडी शिवेपर्यंत रिकामी न्यायची, एवढंच तिसरं काम होतं. हत्तीची पाठ घासणं परवडलं, मधमाश्या परवडल्या, पण वऱ्हाडात रिकामी गाडी रिकामी ठेवणं? अबब!

वेशीपाशीच सरदारीणबाईंनी पाय वर टाकला. "सुभानजी, माझे गुडघे दुखतात."

"बाईसाहेब, गाडी भरलीय."

"मला काय दिसत नाही होय?" त्या फणकारल्या आणि आपल्या मेण्यात जाऊन बसल्या.

ओढ्यापाशी राजपुरोहित आले. त्यांना घोड्याचा धक्का सोसत नव्हता. त्यांनाही तेच उत्तर मिळालं. त्यांनी पंचांग आपटलं आणि जाताना सुभानजीच्या बैलांनाही दोन शब्द सुनावले.

शीव दिसू लागली तेव्हा स्वतः राजा घोडा वळवून मागं आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मला पुढं बघवत नाही, सुभानजी. मला आत बसू दे."

"महाराज, ही गाडी भरलीय."

"ती रिकामी आहे! राजाला नाही म्हणतोस? तुझी मान..."

"मान घ्या, महाराज. पण शिवेपलीकडे गेल्यावर घ्या. माझी मुलगी या जुवावर बसलीय. तिच्याकडे बघा आणि मग सांगा."

राजानं साळुंकीकडे पाहिलं. घोड्याचा लगाम धरून तो गाडीशेजारून पायी चालू लागला.

इतक्यात पुढून किंकाळी आली. हत्ती थांबला होता. त्याच्या पायांना मुळं फुटली होती, नाव चिखलात उतरली होती, आणि हेमकळेच्या मनगटांवर तपकिरी पिसं उगवत होती. सगळे नवरीकडे पाहत होते. रस्त्याच्या कडेला कुणीच पाहत नव्हतं. तिथं, दगडाला टेकून, गाठोडं मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती.

सुभानजीनं गाडी नेमकी तिच्यासमोर थांबवली, खाली उतरला आणि हात जोडले.

"आजी, मागची गाडी आली."

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "रिकामी आणलीस?"

"रिकामीच."

"कुणी मागितली नाही?"

"सगळ्यांनी मागितली."

ती हसली. तोंडात एकच दात होता. "या राजाच्या पणजीची मी पाठराखीण. नवरीला सासरी सोबत करायची, म्हणून मला आणलं. वाटेत पाणी प्यायला उतरले, तर माझ्या जागी कुणी मानाची बाई बसली. कारभारी म्हणाला, मागून गाडी येतेय. मी म्हटलं, ती येईपर्यंत इथून नवरी जायची नाही. तेव्हापासून बसलेय. जो आला तो म्हणाला, येतेय."

"मीही म्हणालो होतो," सुभानजी म्हणाला. "बारा वर्षांपूर्वी. मागं गाडी नव्हती, आजी. मला ठाऊक होतं, तरी म्हणालो."

"ठाऊक होतं?"

"होतं. चुकलो मी."

"एवढं कुणी सांगितलंच नाही रे मला," म्हातारी म्हणाली आणि त्याच्या हाताचा आधार घेऊन गाडीत चढली.

तिनं गादीवर बूड टेकलं मात्र, हत्तीची मुळं सुटली, नाव चिखलातून वर उठली. हेमकळेची पिसं गळून पडली. सोळा झाडांचे पुन्हा रथ झाले, आणि सोळा साळुंक्या नवऱ्या होऊन त्यांत बसल्या. कुणी पणजीच्या वेळची, कुणी आजीच्या. सगळ्या एकदम बोलू लागल्या. सतरावं झाड, गोजराच्या रथाचं, गेल्या उन्हाळ्यात वादळानं पडलं होतं, ते तसंच आडवं राहिलं.

जुवावरची साळुंकी तिथंच बाई झाली आणि बैलांच्या मधोमध धपकन पडली. बैल बिचकले. सुभानजीनं तिला उठवलं, हिरव्या शालूवरची धूळ झटकली, पुन्हा पुन्हा झटकली. त्याला दुसरं काही सुचेना.

"पाठराखिणीची जागा नवरीशेजारी," म्हातारी आतून म्हणाली. मग तिला अंबारीत बसवलं आणि आत्यासाहेबांना खाली उतरावं लागलं. त्या फुगल्या, पण गाडीत बसल्या. सरदारीणबाई आणि पुरोहितही लगबगीनं चढले. राजा घोड्यावर बसला, वाजंत्री वाजू लागली आणि चार पिढ्यांत पहिल्यांदा नवरीची वरात शिवेपार गेली.

गोजरा रस्त्यात उभी होती. तिचा रथ नव्हता आणि गाडी गच्च भरली होती.

"बाबा, मागून गाडी येतेय का?"

सुभानजीनं वळून पाहिलं. नीट, रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "नाही गं. मागं काही नाही." आणि आपल्या हाकायच्या जागेवर सरकून त्यानं अर्धी जागा केली. "ये, इथं माझ्याजवळ बस."

ती बसली. गोरज मुहूर्त साधला. त्या राज्यात आजही प्रत्येक वरातीमागं एक रिकामी गाडी चालते, आणि ती गोजरा हाकते. हात केलात, तर थांबेल. तुम्ही चढा, सुखरूप पोहोचा. ही गोष्ट इथंच उतरते.