जाळीवरचा रुमाल

"गॅस पुरा आहे, पट्टा नवा आहे. मग गार का होत नाही, उस्ताद?"

गजेंद्रनं विचारलं तोवर नूरमहंमद उस्ताद ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आले.

जिंतूरच्या मोंढ्यामागे त्यांची ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड. गजेंद्र खरात त्यांच्याच हाताखाली शिकला, मग शहरात जाऊन एसीचा कोर्स करून आला. तेव्हापासून गॅसचा दाब मोजणारं गेज लावल्याशिवाय बोलणाऱ्याला तो मेकॅनिक मानत नसे.

ट्रॅक्टर मंदाताई ढवळ्यांचा. त्या स्वतः चालवून लोकांची शेतं नांगरून देत. त्यांना दमा होता, म्हणून एसीच्या बंद केबिनचा ट्रॅक्टर घेतला. पण यंदा मे महिन्यात केबिनची भट्टी झाली. दार लावलं तर जीव घाबरा, उघडलं तर धुळीनं छाती घरघरायची. परवा त्या नांगराच्या तासातच ट्रॅक्टर थांबवून बांधावर आडव्या झाल्या होत्या. स्टेअरिंग सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

गजेंद्रनं तीनदा गॅस भरला होता. आता चौथ्यांदा भरू, असं त्याचं म्हणणं.

उस्तादांनी इंजिन आणि एसी चालू करायला लावला. बॉनेटच्या पुढे, एसीची गरमी बाहेर टाकणाऱ्या जाळीवर त्यांनी खिशातला रुमाल टेकवला. आणि हात काढला.

रुमाल खाली पडला.

"मागे पंखा फिरतोय ना?"

"फिरतोय."

"हवा ओढतोय?"

"ओढत असणार…"

उस्तादांनी खाली पडलेल्या रुमालाकडे बोट दाखवलं.

गजेंद्र गुडघ्यावर बसला. जाळीत बोट घातलं. भुसा, पाचोळा, तेलकट माती… बोटभर थर. गेज त्यानं दहादा वाचलं होतं. इथं वाकून एकदाही पाहिलं नव्हतं.

"बाहेरची वाट बंद," उस्ताद म्हणाले, "आणि तू आत भरत राहिलास."

त्याची मान खाली गेली. पण उस्तादांनी त्याच्या हातात हवेचा पाइप दिला आणि स्वतः बाजेवर जाऊन बसले.

गजेंद्रनं आतून बाहेर, हलक्या दाबानं जाळी फुंकली. पाणी मारलं. वाकलेल्या पात्या एकेक सरळ केल्या. केबिनचा फिल्टर काढला, तो मातीनं विटेसारखा झाला होता, नवा बसवला. जास्तीचा गॅस मशीननं काढून घेतला. दुपार कलली तेव्हा त्यानं पुन्हा रुमाल टेकवला.

रुमाल जाळीला चिकटून राहिला.

शेडमध्ये थांबलेल्या मंदाताई ट्रॅक्टर घेऊन तशाच शेतावर गेल्या. दिवस मावळताना परतल्या तेव्हा ट्रॅक्टर मातीच्या रंगाचा झाला होता आणि त्यांचं लुगडं मात्र सकाळीच नेसल्यासारखं कोरं. दोन एकर उरकले होते. दम्याचा पंप पिशवीतून काढावाच लागला नव्हता.

"चाचा," त्या केबिनमधूनच उस्तादांना म्हणाल्या, "डॉक्टरांना सांगा, आता स्टेअरिंग सुटायचं नाही."

गजेंद्र हसला. कितीतरी दिवसांनी. मग उस्तादांजवळ येऊन त्यानं हळूच विचारलं, पावसाळा लागला की एसी बंदच ठेवायचा ना?

"आठवड्यातून दहा मिनिटं लावायचा. पौषातसुद्धा."

"पौषात? तेव्हा गार हवेची काय गरज, उस्ताद?"

"गरज नसते… म्हणूनच. नुसता पडून राहिला की आतली रबरं सुकतात, गॅस गळतो."