सरकीची अक्षरं

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या गावाचं नावही आता कुणाला ठाऊक नाही. तिथल्या बायका दुपारी एकत्र बसून कापसातली सरकी काढत. एकीने पोथी वाचायची आणि तिच्या वाटचा कापूस बाकीच्यांनी निवडायचा, अशी रीत होती. वाचता येणारी बाई गावात एकच, सगुणा. त्या वर्षी पोथी नवी होती, दोन जिवलग मैत्रिणींची.

एकदा तिची बालमैत्रीण भिवरा म्हणाली, "सगुणे, मलाही अक्षरं शिकव की गं."

"तुझा हात सरकीवर बसलाय. अक्षरांचा घोर तुला कशाला?" सगुणा म्हणाली. दोघी वाचू लागल्या तर आपला मान अर्धा होईल, ही खरी गोम होती. भिवरेला वाईट वाटलं, पण तिने पुन्हा विषय काढला नाही.

दुसऱ्याच दिवशी पोथीत एक पान आलं. त्यातल्या एका मैत्रिणीला गोड पाण्याचा झरा सापडतो आणि ती तो दुसरीपासून लपवते. चोराच्या मनात चांदणं! सगुणेने ते पान पुढे न वाचताच हळूच तळाशी सरकवलं आणि मनचा शेवट सांगून टाकला. पुढे दरवर्षी तेच.

वर्षं गेली, सगुणेची दृष्टी गेली. पोथी बासनात बांधली गेली. आता सगुणेला एकच गोष्ट खाऊ लागली: त्या मैत्रिणीला क्षमा मिळाली का? ते तिने कधी वाचलंच नव्हतं, आणि वाचून दाखवणारं कुणी उरलं नव्हतं. अखेर तिने भिवरेपाशी सगळं कबूल केलं.

भिवरेने सूप पुढे ओढलं. "सरकी मांड. अक्षर कसं असतं ते दाखव."

सगुणेने चाचपडत, एकेक सरकी ठेवत, 'अ' काढला.

चार महिन्यांनी भिवरेने अडखळत ते पान वाचलं. "'ती मैत्रिणीच्या दारी गेली, झरा लपवल्याचं बोलली. मैत्रीण म्हणाली...' पुढचं कसरीने खाल्लंय गं. पान उघडलंच नव्हतंस ना."

सगुणेचा चेहरा उतरला. "म्हणजे ते कळायचंच नाही?"

भिवरेने तिचा हात हातात घेतला. "मैत्रीण म्हणाली, 'राग होता. पण आलीस ना, आता दोघी मिळून पाणी पिऊ.'"

"हे पोथीत आहे?"

"नाही. हे मी सांगतेय."

सगुणा पोटभर रडली. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या प्रत्येकीच्या सुपात आधी अक्षर मांडलं जाऊ लागलं, मग कापूस. पोथी वाचायची पाळी आता सगळ्यांची असे.

तात्पर्य: झाकलेली विद्या आणि झाकलेली चूक, दोन्हींना कसर लागते.