कट्ट्यावरची बसकरं

फार पूर्वी, दोन ओढ्यांच्या बेचक्यात एक बाजाराचं गाव होतं. आठवड्याचा बाजार भरायचा, आणि उन्हं कलली की गाठोडी बांधून माणसं पिंपळाच्या कट्ट्याकडं वळायची. कारण तिथं खटपट्या बसायचा.

आईबापांनी त्याचं नाव काहीतरी चांगलंच ठेवलं असणार, पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. लहानपणापासून त्याचा एकच उद्योग. दिसेल ती वस्तू उकलायची, आत काय आहे ते बघायचं आणि पुन्हा जोडायची. कधी जोडली जायची, कधी आईचा मार बसायचा. मोठा झाल्यावर त्यानं हेच लोकांना सांगायला सुरुवात केली. कुठं नव्या तऱ्हेचा रहाट निघाला, कुठं कुणी धान्य पाखडायचं चाक काढलं, की हा ते मिळवायचा, घरी नेऊन भरपूर राबवायचा, आणि मग कट्ट्यावर आणून सगळ्यांसमोर उकलायचा. चांगलं असेल तर चांगलं म्हणायचा, फसवं असेल तर फसवं. राबवल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्याचा नेम. एकदा त्या पाखडायच्या चाकानं त्याची अर्धी मिशी ओढून नेली. तसाच अर्ध्या मिशीनं तो कट्ट्यावर आला आणि म्हणाला, चाक झकास आहे, पण मिशीवाल्यांनी जरा लांबून वापरावं. त्या दिवशी माणसं हसून हसून कट्ट्यावरून खाली पडायची बाकी राहिली होती.

ऐकणाऱ्यांत पहिल्या रांगेत बसायची ती गोंदाबाई तेलीण. खटपट्याला मिसरूड फुटलं तेव्हापासून ती त्याचं ऐकत आलेली. तिच्या घाण्याचा बैल पवळ्या, त्याची मान जुवानं सोलवटून निघायची. जू कसं तासावं ते खटपट्यानं एकदा कट्ट्यावर सांगितलं, गोंदाबाईनं तसं तासून घेतलं, आणि पवळ्याची मान बरी झाली. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी पोटात दुखत असलं तरी ती कट्ट्यावर यायची.

आता त्या गावची एक रीत होती. ज्यानं त्यानं आपलं बसकर कट्ट्यावर ठेवूनच घरी जायचं. कुणाचं तरटाचं, कुणाचं चिंध्यांचं, पाटलांचं घोंगडीचं. बसकर ठेवलं की ती जागा आपली. भिजलं तर तिथंच वाळायचं. आणि एकदा ठेवलेलं बसकर उचलून नेणं म्हणजे जमलेली सोयरीक मोडण्यासारखं. तसं आजवर कुणी केलं नव्हतं.

खटपट्याची कीर्ती पेठेतल्या एका शेटच्या कानावर गेली. शेट लोखंडी सामानाचा व्यापारी. बाजाराच्या सकाळी तो गाडीतून आला, कट्ट्यावर पसरलेली बसकरं त्यानं पाहिली आणि त्याचे डोळेच लकाकले. एवढी माणसं ह्याचं ऐकतात, तर आपला माल ह्याच्याच तोंडून विकावा. त्यानं खटपट्याला एक गुळाची ढेप दिली आणि सांगितलं, बाबा रे, ढेप येत राहील, तू माझ्या मालाबद्दल चार शब्द बोलत राहा.

चार शब्द म्हणता म्हणता चाळीस झाले. गोष्ट ऐन रंगात आली की खटपट्या मध्येच थांबायचा आणि शेटच्या अडकित्त्याची तारीफ सुरू करायचा. पुढं त्यानं शेजारी एक जोडीदार बसवला. हा बोलला की तो हसायचा, तो बोलला की हा हसायचा, आणि ऐकणारी माणसं हे दोघं का हसले ते एकमेकांना विचारत राहायची. वस्तू उकलणं मागं पडलं. कुठल्या कारखानदारानं कुणाशी भांडण केलं, पुढल्या साली बैलाशिवाय चालणारी गाडी कशी येणार, ह्यातच सूर्य मावळायचा. शेटचा माल इतक्या झपाट्यानं यायचा, की राबवून बघायला वेळ कुठला? नवा कोरा माल हातात धरायचा, उन्हात चमकवायचा आणि म्हणायचं, असा दुसरा नाही.

माणसं गळू लागली. भांडण कुणी केलं नाही. एकाच्या घरी पाहुणे आले, एकाच्या मेव्हणीचं लग्न निघालं, एकाला पाठीत चमक भरली ती भरलीच. पण बसकर मात्र कुणीच उचललं नाही. वर्षानुवर्षांचा माणूस, त्याच्या डोळ्यांदेखत कसं उचलायचं?

खटपट्याला दिसत नव्हतं असं नाही. पण तो मावळतीकडं तोंड करून बसायचा, डोळ्यांवर तिरीप यायची, आणि समोर बसकरं तर भरलेली दिसायची. बसकर आहे म्हणजे माणूस आहेच, आज नाही आला तर उद्या येईल, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

गोंदाबाई मात्र येत राहिली. पण एकदा काय झालं, खटपट्या बोलत होता आणि हिच्या डोक्यात आलं, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला की नाही? मग मिठाचा विचार, मग फोडींचा. भानावर आली तेव्हा सभा उठली होती, आणि काय ऐकलं ते तिला एक अक्षर आठवेना. ती वरमली. माझंच वय झालं का, की ह्याच्या बोलण्यातला जीव गेला? पुढल्या बाजाराला पुन्हा तेच. लोणचं मुरलं, पण गोष्ट काही कानात उतरेना.

अशात शेटनं लोखंडी घाणा आणला. हातानं फिरवायचा, बैल नको. शेट घाणा कट्ट्यावर ठेवून गेला आणि जाताना गोंदाबाईला सांगून गेला, पुढच्या बाजाराला पवळ्या मला द्या आणि घाणा ठेवून घ्या. गोंदाबाई विचारात पडली. पवळ्या आता थकला होता, तिचेही गुडघे बोलत होते. घाणा खरंच चांगला असला, तर म्हातारपण सुखात जाणार होतं. पण पवळ्या गेला आणि घाणा चालला नाही, तर हातात राहणार होती ती नुसती तेलकट चिंधी. अशा वेळी भरवसा कुणावर ठेवायचा? ज्याच्या शब्दावर पवळ्याची मान बरी झाली, त्याच्यावरच.

उन्हं कलल्यावर ती कट्ट्यावर आली. खटपट्यानं घाण्यावर हात ठेवला आणि सुरू झाला. असा दुसरा नाही, तेल म्हणजे नुसती धार, बैलांचे दिवस सरले. गोंदाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. त्या दिवशी तिला बरणी आठवली नाही. मग ती म्हणाली,

"खटपट्या, हा घाणा तू राबवलास का?"

"काकू, शेट कशाला खोटं सांगतील?"

"शेटला नाही विचारलं, बाबा. तुला विचारलं."

जोडीदार मध्येच म्हणाला, काकूंना बैल सोडवत नाही, त्याचं लग्न लावून सूनमुख बघायचंय. तो हसला, पाठोपाठ खटपट्या हसला. बाकी कुणी हसलं नाही, कारण हसायला फारसं कुणी नव्हतंच.

खटपट्यानं समोर हात फिरवला. "एवढी माणसं माझ्या शब्दावर बसलीत, काकू. ती काय वेडी आहेत?"

"माणसं कुठायत?" गोंदाबाई म्हणाली. "बसकरं बसलीत."

आणि ती उठली. तिनं आपलं चिंध्यांचं बसकर उचललं, झटकलं, घडी करून काखेत मारलं आणि चालू लागली.

तिच्या बसकराखालचा दगड नव्यासारखा होता. इतक्या वर्षांत त्याला ऊन लागलं नव्हतं. काळ्या कट्ट्यावर तो चौकोन असा उठून दिसत होता, की खटपट्याची नजर तिथून हलेना. मग तो कट्ट्यावरून खाली उतरला आणि तिरीप पाठीवर घेऊन पहिल्यांदा नीट बघू लागला. एका तरटातून गवत वर आलं होतं. एकाला वाळवी लागली होती. पाटलांच्या घोंगडीवर एक शेळी बसली होती. तीही त्याचं ऐकत नव्हती, रवंथ करत होती.

जोडीदार म्हणाला, एका म्हातारीचं काय मनावर घेतोस?  खटपट्यानं एकेक बसकर उचललं, धूळ झटकली, डोक्यावर मोळीसारखं रचलं आणि गावात शिरला.

दारोदार जाऊन तो ज्याचं त्याला देत गेला आणि म्हणत गेला, यावंसं वाटलं तर घेऊन या, नाही वाटलं तर घरी वापरा. बसकर हातात आल्यावर माणसांची तोंडं उघडली. पाटीलबाई म्हणाल्या, तुझ्या गोष्टीपेक्षा शेटचा अडकित्ताच जास्त ऐकावा लागायचा. कुणी म्हणालं, तुम्ही दोघं हसता, आम्ही काय करायचं? गाडीवान मात्र वेगळंच बोलला. "तुझं काही चुकलं नाही, गड्या. मला गाडीचं शिकायचं होतं, ते शिकून झालं. तहान भागली की माणूस विहिरीवरून उठतोच." खटपट्यानं त्याचंही बसकर त्याच्या ओसरीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो लोखंडी घाणा घेऊन गोंदाबाईच्या अंगणात आला. तिनं तिळाची पाटी पुढं सरकवली. तो फिरवू लागला. पहिली धार छान आली. पण घाणा तापू लागला, तेलाला करपट वास सुटला, थांबून थांबून घाणा निववावा लागला. दुपारपर्यंत त्याच्या तळहातांना फोड आले. पवळ्या बाजूला पेंड खात उभा होता आणि मधून मधून मान वळवून त्याच्याकडं बघत होता. गोंदाबाई म्हणाली, त्याला वाटतंय आज आपल्या जागी नवीन बैल लावलाय.

पुढच्या बाजाराला शेट पवळ्याला न्यायला आला आणि कट्टा बघून गाडीतून खालीच उतरेना. नुसता उघडा दगड.

"माणसं कुठं गेली तुझी?"

"ती कधीच गेली होती, शेट. मी फक्त बसकरं पोचती केली."

घरात उरलेली गुळाची ढेप खटपट्यानं स्वतःच्या हातानं घाण्याशेजारी गाडीत ठेवली. जोडीदारही त्याच गाडीत चढला. वेशीपर्यंत त्याचं हसणं ऐकू येत होतं, आता शेटच्या बोलण्याला.

उन्हं कलली. दोन-चार माणसं आली, काखेत बसकरं मारून. गोंदाबाई आली. खटपट्यानं दोन वाट्या पुढं ठेवल्या, एक पवळ्याच्या घाण्याच्या तेलाची, एक लोखंडी घाण्याच्या. म्हणाला, वास घ्या. मग हात पुढं करून फोड दाखवले आणि सांगितलं, घरच्या चटणीपुरतं तेल काढायला तो घाणा वाईट नाही, पण गावाला तेल पुरवणाऱ्यानं बैल सोडू नये. मग घाण्याचं लोखंड का तापतं, लाकूड का तापत नाही, ते सांगता सांगता अंधार पडला तरी कुणी उठलं नाही.

उठताना सगळ्यांनी आपापलं बसकर काखेत घेतलं. खटपट्यानं तशी रीतच पाडली. ज्याला यावंसं वाटेल त्यानं घरून घेऊन यायचं. कट्टा पहिल्यासारखा भरला नाही कधी. पण जेवढी बसकरं दिसायची, तेवढी माणसं त्यांच्यावर असायची. गाडीवान पुढं कधीतरी चाकाची धाव निसटली तेव्हा आला, ऐकून गेला, बसकर घेऊन गेला.

दोन वाट्यांच्या त्या पहिल्या संध्याकाळी गोंदाबाई घरी पोचली आणि दारातच थबकली. सकाळी उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी अंगणात तशीच उघडी होती. सबंध सभेत तिला बरणीची आठवणसुद्धा झाली नव्हती.

तात्पर्य: कंटाळलेला माणूस भांडून जात नाही, बसकर मागं ठेवून जातो. म्हणून सांगणाऱ्यानं बसकरं मोजू नयेत, माणसांकडं बघावं, आणि स्वतः राबवलं असेल तेवढंच बोलावं.