सगुणाबाईंची भवानी

संक्रांत तोंडावर आली आणि सावरपेठेत गूळ महागला. त्याला कारण तुकाशेठच्या दुकानावरची पाटी: "पेठेत कुणीही स्वस्त विकलं, तर आम्ही त्याच भावात देऊ." भाव उतरवूनही शेठचं गिऱ्हाईक आपल्याकडे येणार नाही, हे कळल्यावर कुणीच भाव उतरवेना. शेठ भाव चढवत गेला, बाकीचेही त्याच्यामागे गेले. यंदा तिळगूळ कसा करायचा, ही बायकांना काळजी पडली.

सगुणाबाईंचं गुळाचं छोटं दुकान होतं. एका सकाळी त्यांनी पहिलं गिऱ्हाईक म्हणून आलेल्या विठाकाकूंना भवानीचा एक किलो गूळ निम्म्या भावात दिला आणि हाक मारली, "बायांनो, आता चला शेठकडे!"

दारातली गर्दी पाहून शेठ खवळला. "अहो बाई, एक किलो म्हणजे काय विक्री झाली? ती तर नुसती भवानी!"

"नुसती?" सगुणाबाई म्हणाल्या. "मग शेठ, भवानीचे पैसे तुम्ही रोज कपाळाला का लावता?"

बायका खळखळून हसल्या. शेठने निम्म्या भावात गूळ तोलला आणि दुपारीच पाटी उतरवली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ओढायला शेजारच्या दुकानदाराने भाव उतरवला. त्याच्याही खाली उतरला तो खुद्द तुकाशेठ!