सून जिवंत असताना उभे राहिलेले खांब

रंगमंचाला लागून हे दोन दगडी खांब दिसतात ना? वर आडवी शिळा नाही. फोटो खुशाल काढा, पण मोडकी कमान म्हणू नका. ती मोडलेली नाही, अर्धी राहिली आहे. मी याच काओ घराण्यात सून होऊन आलेली, म्हणून आमच्या घरात काय सांगतात ते ऐका.

जुन्या काळी आमच्या चीनमध्ये नवऱ्यामागे जीव देणाऱ्या विधवेसाठी राजाच्या परवानगीने कमान उभारत. घराण्याची मान ताठ होई. काओंचा थोरला मुलगा तापाने गेला. त्याची बायको श्युमे जेमतेम विशीची. सासऱ्याने म्हणे डोळे पुसले आणि लगेच पाथरवट बोलावले. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. याला तो सुनेच्या मरणात दिसत होता. श्युमे पाण्याला जाता-येता स्वतःची कमान वर चढताना बघायची.

पण ती काही मरेना. मग सासऱ्याने शहरातून ऑपेराची मंडळी आणली, तिला धडा मिळावा म्हणून.

तेव्हा नायिकेचं काम पुरुषच करत. बाईने कसं असावं हे बायकांना शिकवायला पुरुष, काय थाट! फंग नावाचा नट पायाखाली, बायकांच्या लहानपणीच बांधून आखूड ठेवलेल्या पायांसारखी, चिमुकली लाकडी पावलं बांधून डुलत चाले. नजर खाली, हसू बाहीआड, दात कधी दिसायचे नाहीत. रडला तरी नाक लाल होत नसे. गावच्या सासवा सुनांना कोपराने ढोसत, "बघ, अशी असावी बाई!" घरी गेल्यावर त्याच बाईने चार घागरी पाणी भरायचं असे, ते कोण सांगणार?

शेवटी नायिका पांढऱ्या रेशमाचा फास लावून घेते. पुरुषांनी वाहवा केली, बायका रडल्या. मग सासऱ्याच्या सांगण्यावरून फंग त्याच वेषात खाली उतरला आणि तेच रेशीम त्याने श्युमेच्या हातात ठेवलं. सगळ्या गावासमोर. नाही म्हणायची सोय नव्हती.

श्युमेने रेशीम हातात घेतलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही तर आत्ताच मेलात. मग उद्याचा खेळ कोण करणार?"

बिचारा गोंधळला. नाजूक आवाज विसरून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मीच की!"

"मग माझ्या वाटचंही तुम्हीच मरा. तुम्हाला सवय आहे."

पहिली हसली ती तिची सासू. तोंडावर बाही न धरता, सगळे दात दाखवून. मग सगळ्याच बायका. सासरा ओरडत राहिला, पण ज्या सुनेपायी गाव खदखदून हसलं, तिच्यासाठी राजाकडे कमान कोणत्या तोंडाने मागणार? पाथरवट परत गेले. श्युमे म्हातारी होऊन, सुनांशी भांडून, दात पडून, आपल्या अंथरुणात मेली.

आजही इथल्या खेळात नायिका फास लावते तेव्हा आम्ही बायका तोंड उघडून हसतो. नटांना राग येतो. येऊ दे. पलीकडच्या गावात पूर्ण झालेल्या चार कमानी आहेत, नक्षी फार सुंदर. प्रत्येकीवर घराण्याचं नाव आहे, बाईचं एकीवरही नाही. तिथे खेळ अगदी शांतपणे बघतात.