काट्यावरची गाडी

“मग सहा हॉर्सपॉवर गेली कुठं, वस्ताद?”

मी तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर वस्ताद लेथवरचे चुरे झाडत होते. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

भंगारातलं आठशे सीसीचं इंजिन, पाइपांची चौकट, हातानं ठोकलेला पत्रा. अडीच वर्षं खपून मी दोन सीटची ठेंगणी स्पोर्ट्स कार बांधली होती. घाटातल्या शर्यतीचा फॉर्म संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा होता. अट एकच, चाचणीत तीस हॉर्सपॉवर निघायला हवी.

माझी चोवीस निघत होती.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, गाडी कोणी बांधली. मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : सुकुमार मगदूम, एकट्याने.

वस्तादांनी तो कागद सकाळी वाचला होता. घडी घालून परत दिला होता.

चाचणी आदल्या दिवशी घेतली. सुट्टीमुळं कारखान्यांमागचा सरळ रस्ता मोकळा होता. मी गाडी चालवली, वस्ताद शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसले. थांबल्या जागेपासून ताशी साठपर्यंत, तीनदा जाताना, तीनदा येताना. वारा आणि चढ दोन्हीकडून सारखा पडावा म्हणून. सरासरी आली चार पूर्णांक आठ सेकंद. वजन, वेग आणि लागलेले सेकंद, एवढ्यावर ताकद निघते. हे गणित नववीत शाळा सोडलेल्या मला वस्तादांनीच फरशीवर खडूनं शिकवलं होतं.

“इंजिनच कमी पडतंय,” मी म्हणालो. “आजच खोलतो. शर्यत राहू दे.”

“वजन किती धरलंस?”

“सहाशे वीस. काट्याची चिठ्ठी आहे.”

“काट्यावर कधी गेलतास?”

“सोमवारी. एकटाच.”

वस्तादांनी हात पुसले, टोपी घातली.

“चल. परत काट्यावर.”

भंगाराचे ट्रक तोलतात तो काटा पलीकडच्याच गल्लीत. मी गाडी लोखंडी फळीवर घेतली. काटेवाल्याच्या खिडकीवरच्या भोंग्यातून रोजची आरोळी आली, ड्रायव्हर खाली.

मी उतरलो. तिथं सगळेच उतरतात.

वस्ताद उतरले नाहीत.

भोंगा पुन्हा ओरडला. मग काटेवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं आणि विचारलं, की चाचा, भंगारात स्वतःलाबी विकताय का काय. वस्ताद मांडीवर हात ठेवून समोर बघत राहिले.

लाल आकडे थांबले. सातशे दहा.

मी आकड्यांकडं पाहत उभा होतो. वस्तादांनी शेजारची, माझी रिकामी सीट हातानं दोनदा थोपटली.

मी जाऊन बसलो.

सातशे सत्तर.

…

मागं एक ट्रक येऊन उभा राहिला, हॉर्न वाजवू लागला. मी खिशातून पेन्सिल काढली आणि जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर तेच गणित पुन्हा मांडलं. फक्त वजन बदललं.

तीस पूर्णांक तीन.

इंजिन ठणठणीत होतं. सहाच्या सहा वेळा त्यानं आम्हा दोघांना ओढलं होतं, आणि मी दोघांनाही हिशेबाबाहेर ठेवलं होतं.

गाडी बाजूला घेतली. फॉर्म मांडीवर ठेवला. चाचणीच्या वजनाच्या रकान्यात सातशे सत्तर लिहिलं, ताकदीच्या रकान्यात तीस पूर्णांक तीन. मग नजर त्या ठळक अक्षरांवर गेली.

वस्तादांकडची सात वर्षं आठवली. माझ्या हातात पहिला पाना देताना, नीट धर रं, एवढंच ते म्हणाले होते. वाकडी झालेली चौकट मी फेकायला निघालो, तेव्हा जेवण टाकून ती माझ्यासोबत सरळ करत बसले होते. पिस्टन त्यांच्याच लेथशेजारी घासले. रस्त्यावर सहा खेपा माझ्या शेजारी बसून आले, आणि ते बसलेत हे मला काट्यानं सांगावं लागलं.

मी ‘एकट्याने’वर रेघ मारली. डोळे भरून आले होते, म्हणून मान खाली घालूनच लिहायला घेतलं. दस्तगी…

त्यांचा काळा, तेलकट पंजा कागदावर आला.

“वस्ताद, लिहू द्या.”

“सुकू,” ते म्हणाले, “वजन लिहिलंस न्हवं माझं? मग नाव कशाला?”