वाकडी ओळ

एकदा एका वृद्ध गुरूंनी आपल्याच शिष्यानं लावलेली कांद्याची रोपं सकाळी उपटून काढली. चांगली हिरवीगार, सुतळी धरून एका रेषेत लावलेली! शिष्याचा चेहरा उतरला.

गुरूंचं शेत आगळं होतं. मन आजारी पडलेली माणसं तिथं राहत, औषधं घेत आणि झेपेल तेवढं काम करत. त्यांतल्या भामाबाई चार महिने कुणाशी बोलल्या नव्हत्या. परवा मात्र त्या आपणहून वाफ्यात उतरल्या, एक ओळ लावली आणि म्हणाल्या, "पाणी सोडा." एवढंच, पण सारं शेत आनंदलं. त्यांच्या मुलाला निरोप गेला, आज तो भेटायला येणार होता.

ओळ नागमोडी होती. पाहुण्यासमोर बरी दिसावी म्हणून शिष्यानं काल संध्याकाळी ती सरळ करून ठेवली. सकाळी भामाबाईंनी वाफा पाहिला आणि बांधावर जाऊन बसल्या. पुन्हा मुक्या. चहालाही हात लावला नाही.

"आबा, मी तर नीटच केलं होतं हो!" शिष्य कळवळून म्हणाला.

गुरूंनी उपटलेली रोपं जवळ ओढली. वाफ्यात बसून ते रोपं पुन्हा लावू लागले, तीही मुळं दुमडून, वेडीवाकडी. उभा जन्म शेतीत गेलेला माणूस! शिष्य पुढं सरसावला, तसं त्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

एक रोप झालं, दोन झाली, पाच झाली. बांधावर हालचाल नाही. गुरूंनी सहावं रोप उचललं. खात्री त्यांनाही नव्हती.

सातव्या रोपाला मागून आवाज आला, "अगं बाई! मुळं दुमडताय की हो. जगायचं कसं रोप?" भामाबाईंनी रोप हिसकावून घेतलं आणि पदर खोचून खाली बसल्या.

गुरूंनी शिष्याला बाजूला नेलं. त्यांचे डोळे भरले होते. "अरे शहाण्या, सरळ लावणारे हात गावात पुष्कळ मिळतात. आपल्या हातून अजून काही उगवतं, असं त्या ओळीकडे पाहून बाईंना वाटलं होतं. तू मायेपोटी नेमकं तेच उपटलंस. आजाऱ्याची सेवा जरूर करावी, पण त्याच्या वाट्याचं काम हिरावून घेऊ नये."

"मग आता मी काय करू?"

"कसं लावायचं, ते त्यांना विचार."

शिष्य ओशाळून भामाबाईंजवळ बसला. "सुतळी तूच धरली होतीस ना?" त्या फणकारल्या. "घे रोपं. पण माझ्या ओळीत लुडबुड नको."

दुपारी मुलगा आला. वाफ्याकडे पाहून त्याला हसू आलं. "ही वाकडी ओळ कुणाची हो?"

"माझी," भामाबाई म्हणाल्या.